खांद्यावरचा परका हात

बाबा मशीनमधून बाहेर आले तेव्हा त्यांना तीन हात होते.

दोन नेहमीचे, अंगासरशी सोडलेले. तिसरा डाव्या खांद्यावर विसावलेला, चार बोटं पुढे, अंगठा मानेमागे, आणि मनगटापाशी संपलेला. मनगटाच्या पलीकडे माणूस नव्हता. पण मशीनच्या पात्याने त्या हाताभोवतीही इतक्या निगुतीने वळणं घेतली होती की जणू तो हात बाबांना जन्मापासूनच होता.

"अहो, जरा इकडे या," मशीनवरच्या मावशींनी हाक मारली.

"झाले का बाबा?"

"झाले. पण थोडे जास्त झाले."

धाकटा खुर्चीतून उठून आला आणि बघत राहिला. स्टिकर आणि कटआउटचं हे दुकान त्याचं. दोन भावांतला लहान म्हणून तो धाकटा, आणि आता चाळिशी उलटून डोक्यावरचे केस विरळ झाले तरी धाकटाच. दुकानात तो आणि मावशी, दोघंच. तो कॉम्प्युटरवर चित्राभोवती कापायची रेघ आखायचा, आणि मावशी मशीनवर फोमचा बोर्ड चढवून त्यावर चित्र छापायच्या आणि त्या रेघेवरून पातं फिरवायच्या. धंदा सोपा होता. ज्याला जे नको असेल ते रेघेच्या बाहेर ठेवायचं. लोक फोटो घेऊन यायचे आणि म्हणायचे, या बाईंना ठेवा, शेजारच्या नवऱ्याला काढा. हा पार्टनर काढा, कुत्रा राहू द्या. पुढाऱ्यांची माणसं यायची आणि साहेबांच्या मागे उभे असलेले गेल्या वर्षीचे निष्ठावंत काढून न्यायची. धाकटा कुणालाही काही विचारायचा नाही. हजारो माणसं त्याने अशी कापून केराच्या पिशवीत भरली होती आणि त्याची झोप एकदाही उडाली नव्हती.

"हा हात कुठून आला?"

"तुम्हीच पाठवलात. मशीन काय पदरचं कापतं का?"

खरं होतं. एरवी तो रेघ स्वतः आखायचा, एकेक ठिपका ठेवून, भुवईसुद्धा न चुकवता. बाबांच्या वेळी मात्र त्याने एक बटण दाबलं आणि रेघ सॉफ्टवेअरला आखू दिली. पांढऱ्या जागेवर जे जे काही दिसेल त्याच्याभोवती सॉफ्टवेअर आपोआप रेघ ओढतं, कडेपासून जरासं अंतर ठेवून. बाबांचा फोटो आधीच कुणीतरी पांढऱ्यावर कापून ठेवलेला होता, त्यामुळे काम एका मिनिटाचं होतं. हे झालं लोकांना सांगायचं कारण. खरं कारण असं की तो फोटो त्याला फार वेळ बघवत नव्हता. फोटोत बाबा हसत होते.

बाबा टेलर होते. जन्मभर तोंडात टाचण्या धरून बसले, आणि तोंडात टाचण्या असल्या की हसता येत नाही. निदान ते कारण तरी त्यांना होतं. घरातल्या साऱ्या फोटोंत ते कॅमेऱ्याकडे असे बघतात जणू तो त्यांचं माप घ्यायला आलाय. हसण्याचा फोटो हा एकच. तो आईच्या फोनमध्ये होता, धाकट्याच्या बायकोने तो शोधून आणला होता.

"कुठल्या गाढवाने कापलाय हा फोटो?" धाकटा म्हणाला. "माणूस काढला आणि हात तसाच ठेवला."

"असेल कुणी नवशिक्या," मावशी म्हणाल्या.

"नवशिक्या नाही, आळशी. असल्या लोकांमुळे धंदा बदनाम होतो."

मग तो वाकून त्या हाताकडे बघू लागला. करंगळी जराशी वाकडी होती, बाकीच्या बोटांशी भांडण झाल्यासारखी बाजूला पडलेली.

"दादाचा हात आहे," तो म्हणाला.

"कशावरून?"

"बाबा हसतायत त्यावरून."

मावशींनी या दोन भावांचं सगळं ऐकलेलं होतं, आणि एकाच बाजूने.

झालं होतं असं. बाबांचे गुडघे गेले तेव्हा ते आईला घेऊन थोरल्याकडे राहायला गेले. थोरल्याचं घर तळमजल्यावर, धाकट्याचं तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट नाही. बाबा म्हणाले, तुझ्याकडे जिना आहे रे. एवढंच म्हणाले. पण धाकट्याने त्याचा निकाल असा लावला की बाबांना थोरला जास्त प्रिय. जिना हे निमित्त. मग तो रुसला. चाळिशीचा बाप्या, दोन पोरांचा बाप, पण रुसला. वर्षभर थोरल्याच्या घरी गेला तो पाहुण्यासारखा, चप्पल न काढता, दारातच उभा राहून, चहा नको म्हणून. फोनवर "जेवलात का" आणि "औषध घेतलं का" याच्या पुढे बोलणं गेलं नाही. बाबाही काही कमी नव्हते, तेही "हो" आणि "हो" म्हणून फोन आईकडे द्यायचे. आणि एका दुपारी जेवून पडले ते उठलेच नाहीत. थोरला जवळ होता. धाकटा दुकानात एका दुधाच्या कंपनीसाठी हसणारी गाय कापत होता.

आता टेलर लोकांच्या संघटनेने बाबांच्या आठवणींसाठी सभा ठेवली होती, उद्या सकाळी, संघटनेच्या हॉलमध्ये. थोरला फोटोची फ्रेम आणणार होता. धाकट्याने फोनवर सांगितलं, "फ्रेम नको. मी आख्खे बाबा आणतो." जिवंतपणी ज्याला जिना चढवून घरी आणता आलं नाही, त्याला मेल्यावर काखेत मारून हॉलमध्ये आणायचं होतं. माणसं असलीच असतात. जिवंत बापाला भेटायला वेळ नसतो, मेलेल्या बापाला खऱ्या मापात छापायला असतो.

"राहू द्या की तो हात," मावशी म्हणाल्या. "छान दिसतोय. कुणीतरी सोबत आहे असं वाटतं."

"वर्षभर बाबा त्याच्याकडे होते. आता निदान खांदा तरी मोकळा मिळू दे मला."

तो कॉम्प्युटरसमोर बसला आणि त्या हाताभोवती ठिपके ठेवायला लागला. आता कुठे तो आपल्या कामाला लागला होता. फोटो मोठा करून करून त्याने एकेक बोट पडद्याएवढं केलं. नखाच्या वळणाला तीन ठिपके, सांध्याच्या सुरकुतीला दोन. वाकड्या करंगळीला तर त्याने इतके ठिपके दिले की तेवढ्यात एखादा पुढारी छातीपर्यंत कापून झाला असता. "करंगळीसुद्धा सरळ नाही याची," तो पुटपुटला आणि स्वतःची करंगळी माउसच्या बाहेर काढून, नेहमीच्या सवयीने, क्लिक करत राहिला.

दुपारी बायको डबा घेऊन आली. तिने पडद्यावर भलंमोठं बोट पाहिलं.

"हे काय करताय?"

"भाऊबंदकी."

"जेवून घ्या आधी. बोटं कुठे पळून जातायत का?"

हात पुसून टाकणं सोपं होतं. पण तो पुसला तेव्हा बाबांच्या खांद्यावर हाताच्या आकाराचं भगदाड पडलं. हाताखाली बाबा नव्हतेच. फोटोला हातामागचं दिसत नाही, त्यामुळे तिथला शर्ट कॅमेऱ्याने कधी पाहिलेलाच नव्हता. धाकट्याने दुसऱ्या खांद्यावरचा शर्ट उचलून इकडे लावून पाहिला. शर्ट चौकडीचा. एकीकडची चौकडी दुसरीकडे जुळेना. ज्या माणसाने जन्मभर गिऱ्हाइकांच्या खांद्यावर रेघेला रेघ जुळवून शर्ट शिवले, ज्याने एकदा रेघ हलली म्हणून शिवलेली बाही उसवून रात्रीचं जेवण टाकलं होतं, त्याच्याच खांद्यावर ठिगळ. धाकट्याने ते पुसून टाकलं.

"ठिगळ नको," तो म्हणाला. "सरळ खाच पाडू. त्या जागी फुलं लावू."

"फुलं?" बायको म्हणाली. "खांद्यावर?"

"मग काय, खांद्यावर भाऊ ठेवू?"

बायको डबा तिथेच ठेवून निघून गेली.

बाबा कापड बेतताना शिवणीच्या आत माया सोडायचे, पुढेमागे अंगाने सुटला माणूस तर उसवून वाढवता यावं म्हणून. धाकट्यानेही अंतर सोडलं, पण ते रागाने. हाताच्या कडेपासून तीन मिलिमीटर बाहेर, म्हणजे बाबांच्या अंगात, त्याने रेघ सरकवली. दादाच्या हाताचा एक केससुद्धा बाबांच्या अंगावर राहायला नको होता. रेघ कॉलरला भिडली आणि मानेत शिरली.

मग गोंधळाला सुरुवात झाली.

कापायची रेघ एका ठरावीक रंगात ठेवावी लागते. तो रंग दिसला की मशीनला कळतं, ही छापायची नाही, कापायची. धाकट्याने घाईत ती साध्या गुलाबी रंगात ठेवली. मशीनने आज्ञाधारकपणे ती छापली. बाबा बाहेर आले ते एका पांढऱ्या आयतात, सबंध अंगाभोवती गुलाबी रेघ, खांद्यावर गुलाबी पंजा.

"लिपस्टिकने काढल्यासारखे दिसतायत," मावशी म्हणाल्या.

"दुसरा बोर्ड चढवा."

दुसरा बोर्ड चढवताना दोघं भांडत होते, बोर्ड सरळ आहे की तिरका यावरून. तिरका होता. मशीनने बाबांना बोटभर डावीकडे कापलं. एका बाजूचा कान गेला, दुसऱ्या बाजूला पांढरी पट्टी आली.

"मी म्हटलं होतं," मावशी म्हणाल्या.

"तुम्ही म्हटलं होतं सरळ आहे."

"तिरका आहे असं म्हटलं होतं. तुम्ही म्हणालात, मला शिकवू नका."

संध्याकाळ व्हायला आली तेव्हा भिंतीला टेकून तीन बाबा उभे होते. एक तीन हातांचे, एक गुलाबी, एक एका कानाचे. तिघंही हसत होते. पाण्याच्या टँकरवर नंबर चिकटवून घ्यायला आलेला एक टँकरवाला दारातच थबकला. त्याने टोपी काढली.

"तिळे होते काय हो?" त्याने हळूच मावशींना विचारलं.

"नाही. एकच होते."

"मग एवढे?"

"एकही नीट जमत नाहीये."

टँकरवाल्याने मान हलवली. त्यालाही वडील असावेत.

शेवटचा बोर्ड नीट आला. कान दोन, हात दोन, हसू जागच्या जागी. डाव्या खांद्यात तेवढी पंजाची खाच. मशीनच्या तळाशी कापलेला हात पडला होता, फोमचा, खऱ्या मापाचा. मावशींनी तो उचलून टेबलावर ठेवला. मग बाबांची मान चाचपून बघितली.

"इथे बोर्ड फार बारीक राहिलाय. डोकं झुकेल."

"फुलांनी झाकलं जाईल."

"झाकलं जाईल हो. टिकेल का, ते म्हणते मी."

धाकट्याचं लक्ष नव्हतं. तो त्या फोमच्या हाताकडे बघत होता. त्याने तो एका वर्तमानपत्रात गुंडाळला.

"काय करताय?"

"उद्या दादाच्या हातात देणार. म्हणणार, घे, तुझं तुला परत."

मावशींनी भिंतीकडे बोट केलं. "आणि या तिघांचं काय करायचं?"

"भंगारात."

"मी नाही टाकणार. तुमचे वडील, तुम्ही टाका."

त्याने त्यांच्याकडे पाठ करून दिवा घालवला. दार ओढताना मात्र पुन्हा आत गेला आणि तिघांवर एक जुनं बॅनर पांघरून आला. धूळ बसेल म्हणून, असं तो म्हणाला.

सकाळी बाबा टेम्पोत आडवे पडून हॉलवर आले. धाकट्याने त्यांना स्टेजच्या खाली, माइकच्या शेजारी उभं केलं, मागचा टेकू उघडला, खाचेवर पांढऱ्या फुलांचा जाडजूड गुच्छ टेपने चिकटवला. लांबून बघितलं. उत्तम. लोक दारातून आत येत आणि क्षणभर दचकत, कारण बाबा अगदी बाबांच्या उंचीचे होते. आई पहिल्या रांगेत येऊन बसली. तिने बाबांकडे पाहिलं, पदर सारखा केला, आणि नवरा उशिरा घरी आला की बघायची तसं बघत राहिली.

थोरला खुर्च्या लावत होता. धाकटा त्याच्यापाशी गेला आणि वर्तमानपत्राची पुडी पुढे केली.

"घे. तुझं तुला परत."

थोरल्याने पुडी उघडली. फोमचा हात उलटासुलटा केला. मग सहज आपल्या उजव्या पंज्यावर ठेवून बघितला. थोरल्याची बोटं लांब, त्या हातापुढे पेरभर बाहेर आली. त्याने धाकट्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग खाली, त्याच्या हाताकडे.

"छोट्या, अरे हा..."

"मला काही ऐकायचं नाही. बाबांच्या खांद्यावर नको होता, म्हणून काढला."

जवळच्या माणसाला उगाच दुखवायचं नाही, ही थोरल्याची एक वाईट खोड होती. त्याने हात शर्टाच्या वरच्या खिशात ठेवला. खिशातून चार बोटं वर डोकावत राहिली.

"बरं. ठेवतो मी," तो म्हणाला आणि खुर्च्या लावायला गेला.

सभा सुरू झाली. संघटनेचे अध्यक्ष उठले. उकडत होतं म्हणून कुणीतरी पंखा लावला.

"कैलासवासी टेलरमास्तरांविषयी एकच गोष्ट सांगतो," अध्यक्ष म्हणाले. "या माणसाने आयुष्यात कुणाचे कपडे उशिरा दिले नाहीत."

बाबांनी मान खाली घातली.

फुलांचं वजन आणि पंख्याचा वारा, दुसरं काही नव्हतं. मानेपाशी बोर्ड बारीक होता, तो मुडपला आणि डोकं हळूच पुढे झुकलं. पण ज्यांचे कपडे बाबांनी शिवले होते ते सगळे तिथे बसले होते. आधी कुणीतरी खोकलं, मग मागची रांग हसली. पंखा फिरून दुसरीकडे वळला तसं डोकं पुन्हा वर आलं, हसरंच.

"अत्यंत शांत स्वभाव," अध्यक्ष नेटाने म्हणाले. "कधी कुणावर आवाज चढवला नाही."

बाबांनी पुन्हा मान खाली घातली. आता आईसुद्धा तोंडावर पदर धरून हलत होती. अध्यक्षांनी भाषण आवरतं घेतलं. त्यांच्यामागून एक म्हातारे गृहस्थ उठले, बाबांचं जुनं गिऱ्हाईक.

"माझ्या लग्नाचा कोट यांनी लग्नानंतर दिला," ते म्हणाले. "पण फिटिंग काय होतं."

बाबा होकारासारखे दोनदा वाकले.

धाकट्याचे कान तापले होते. तो वाकून चालत पुढे गेला आणि गुच्छ काढून टाकला, वजन कमी व्हावं म्हणून. पण मानेला आता घडी पडली होती. वजन गेलं तरी डोकं खालीच राहिलं, आणि वर ती खाच साऱ्या हॉलला उघडी दिसायला लागली. पंखा बंद करा, असं त्याने खुणेने सांगितलं. पंखा बंद झाला, डोकं वर येईना. बाप पुढे मान घालून उभा, खांद्यात भोक, आणि अख्खं टेलर मंडळ टक लावून बघतंय. शिवण उसवलेली ही माणसं लांबून ओळखतात.

"कुणीतरी धरा त्यांना," मागून एक आवाज आला.

धाकट्यानेच धरलं. तो बाबांच्या डावीकडे जरा मागे उभा राहिला, हात वर नेला, डोकं सरळ केलं आणि मान पकडली. अंगठा मानेमागे टेकला. चार बोटं खाचेत गेली.

गेली ती बसलीच. चाचपडावं लागलं नाही, सरकवावं लागलं नाही. मधलं बोट मधल्या बोटाच्या जागी. करंगळी, ती बाजूला पडणारी, भांडकुदळ, वाकडी करंगळी, आपल्या वाकड्या खोबणीत जाऊन गप्प पडली. धाकट्याला आधी एवढंच वाटलं की बरं झालं, पकड चांगली मिळाली. भाषणं चालू झाली. तो समोर बघत उभा राहिला. हात अवघडत नव्हता, याचंच त्याला नवल वाटत होतं.

भाषणं संपली. अध्यक्षांनी आईला दोन शब्द बोलायला सांगितलं. आई माइककडे गेलीच नाही. बसल्या जागेवरून तिने शेजारच्या थोरल्याला कोपराने ढोसलं.

"बघ रे. अगदी तसाच उभा राहिलाय."

हॉल शांत होता, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं.

"कसा?" धाकट्याने जागेवरूनच विचारलं.

"फोटोत उभा होतास तसा."

"फोटोत दादा होता."

"दादा कसा असेल? फोटो दादाने काढला."

धाकटा हसायला गेला, पण तोंड अर्ध्यावर थांबलं.

"तुझ्या दुकानाच्या पहिल्या दिवशी," आई म्हणाली. तिला वाटत होतं, तो मुद्दामच विचारतोय. "पहिला स्टिकर कापलास आणि तो वाकडा आला. हे म्हणाले, तुझ्या मशीनलाही माझ्यासारखा चष्मा लागणार. तू हसत सुटलास आणि यांच्या खांद्यावर हात टाकलास. तुला बघून हे हसले. तोंडात टाचण्या नव्हत्या त्या दिवशी."

"मग फोटोतला मी कुठे गेलो?"

"तूच कापलास की. नवीन मशीन, हात बसू दे म्हणालास, आणि यांना एकट्याला कापून दिलंस माझ्या फोनवर. मी म्हटलं, अरे हात राहिलाय बघ. तर म्हणालास, राहू दे, माझाच आहे."

मागच्या रांगेत मावशी बसल्या होत्या. त्यांना "कुठल्या गाढवाने" हे शब्द आठवले असतील, पण त्या जमिनीकडे बघत राहिल्या.

धाकट्याने आपल्या हाताकडे पाहिलं. काल सबंध दुपार तो हे बोट पडद्याएवढं करून बघत होता, आणि तेच बोट माउसवर होतं. रोज इतकी माणसं कापायची, त्यात एकदा स्वतःला कापलं होतं हे कशाला लक्षात राहील. बाबांना कसलं हसू आलं होतं, कुणामुळे आलं होतं, हे त्याला माहीत असायला हवं होतं. तो तिथे होता.

"आई, मग बाबा तिकडे का गेले?"

"जिना होता ना तुझ्याकडे," आई म्हणाली. "गुडघ्यांना काय कळतं, लाडका कोण ते?"

ती डोळे पुसायला लागली. आता मात्र ते हसण्याचं पाणी नव्हतं.

सभा उठली. लोक चहाकडे वळले, जाताना बाबांना नमस्कार करत, आणि नकळत धाकट्यालाही, कारण दोघं एकमेकांना चिकटूनच उभे होते. थोरला जवळ आला. त्याच्या खिशातून ती चार बोटं अजून वर आलेली होती.

"दादा, तो हात दे."

"कशाला?"

"माझा आहे."

"ते मी पुडी उघडली तेव्हाच ओळखलं," थोरला म्हणाला. "म्हणून तर ठेवून घेतला."

"मग बोलला का नाहीस?"

"तू म्हणालास, ऐकायचं नाही."

"आता दे."

"नाही. तू दिलायस मला. वर्षभर घरी आलास, दारात उभा राहिलास, चहासुद्धा घेतला नाहीस. एवढं एक दिलंस, तेही परत मागतोस." त्याने खिशावर हात ठेवला. "पाहिजे तर घरी येऊन घेऊन जा. तळमजलाच आहे."

आणि तो आईला हाताला धरून बाहेर घेऊन गेला.

हॉलचा रखवालदार खुर्च्या एकात एक घालायला लागला. दिव्यांचं, माइकचं, एकेक बटण बंद करत तो स्टेजपाशी आला. मावशी दारात टेम्पोची वाट बघत उभ्या होत्या.

"साहेब, चला आता," रखवालदार म्हणाला. "बंद करायचंय."

"हो, निघालोच."

पण तो निघाला नाही. एकदा त्याने बोटं सैल करून पाहिली होती, आणि बाबांनी लगेच मान खाली घातली होती. त्याने घाईघाईने हात परत खाचेत घातला. डोकं वर आलं. बाबा हसत समोर बघायला लागले. बोटं नीट बसली होती, फक्त प्रत्येक बोटाभोवती तीन मिलिमीटर जागा रिकामी राहत होती, आणि तिथून दारातला वारा येत होता.